उलट्या पाण्याचे पारखी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरसाल विद्या, विवाह आणि व्यवसाय यांविषयी पुष्कळ बोलले जाते. आज आम्ही नळाविषयी बोलणार आहोत. विषय क्षुद्र वाटेल. परंतु त्यापायी माणसे दगावली आहेत, म्हणून थोडा वेळ लक्ष द्यावे, अशी विनंती आहे.

इ. स. १९३३ साली अमेरिकेतील शिकागो शहरी मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. देशोदेशीचे प्रेक्षक तेथील हॉटेलांत उतरले. त्यांपैकी शेजारशेजारच्या दोन नामांकित हॉटेलांत जुन्या नळांची अशी गुंतागुंत झाली होती की, पिण्याच्या पाण्यात मैल्याचे पाणी मिसळत होते. आमांशाची साथ उद्भवली. सुमारे १,४०० रोगी व ९८ मृत्यू अशी तिची नोंद आहे. पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडत, त्यामुळे रोगाचे मूळ एकाच जागी आहे हे लवकर ध्यानात आले नाही. कित्येकांवर तर आंत्रपुच्छाचा विकार समजून शस्त्रक्रिया झाल्या! हे जुन्या काळचे म्हणून सोडून द्यावे, तर फिनलंडमधील नोकिया या गावी २००७ साली सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातील एक व्हॉल्व्ह उघडला गेला, आणि सुमारे ४५० घनमीटर सांडपाणी पिण्याच्या वाहिनीत शिरून हजारो लोक आजारी पडले.

हे घडते कसे? शाळेत आम्ही वक्रनलिकेचा प्रयोग दाखवीत असू. उंचावरील भांड्यातील पाणी रबरी नळीने आपोआप खालच्या भांड्यात उतरे आणि मुलांना मोठी गंमत वाटे. तोच प्रकार घरात होतो. बादलीत बुडालेली नळी तोटीला लावलेली आहे, आणि अशा वेळी रस्त्यावरील जलवाहिनी फुटली किंवा आगीच्या बंबाने तिचे पाणी ओढून घेतले, तर दाब उतरतो व बादलीतील साबणाचे पाणी मागे शोषले जाते. दुसरा प्रकार ढकलण्याचा. घरच्या मोटरीचा दाब नगरपालिकेच्या वाहिनीपेक्षा अधिक झाला की पाणी उलट चालू लागते. बोअरचे पाणी व पालिकेचे पाणी एकाच पाइपला जोडून मध्ये नुसता एक व्हॉल्व्ह ठेवण्याची चाल आपल्याकडे सर्रास आहे. तो व्हॉल्व्ह झिजला की कोणास कळत नाही.

त्यातून आपल्या बहुतेक गावांत पाणी ठराविक तासच येते. उरलेला वेळ वाहिनी रिकामी, आणि शेजारून गटार. फटींतून काय शिरत असेल ते सांगावयास नको. मोटर थेट पालिकेच्या नळाला लावणारा गृहस्थ शेजाऱ्याचे पाणी पळवितो, एवढेच आपण म्हणतो. तो गटाराचे पाणीही आपल्याच घरात ओढून घेतो, हे कोणी म्हणत नाही.

अमेरिकेत यासाठी स्वतंत्र मंडळी तयार केली आहेत. कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठात १९४४ सालापासून याच विषयाची संस्था चालते. तेथे परतप्रवाह रोखणाऱ्या यंत्रणेची चाचणी घेणारा वेगळा आणि इमारतीची पाहणी करणारा सर्वेक्षक वेगळा. दोघांना वेगवेगळी प्रमाणपत्रे. सर्वेक्षकाचे शिक्षण मुख्यतः डोळ्यांचे आहे. प्रत्येक तोटीपाशी उभे राहून त्याने विचारावयाचे: येथे दाब नाहीसा झाला तर आत काय शिरेल? बागेचा नळ, दवाखान्यातील कुंड, कारखान्यातील रसायनाची टाकी यांचा धोका सारखा नसतो. म्हणून उपायही सारखा नसतो. सर्वांत खात्रीचा उपाय सर्वांत स्वस्त आहे. तोटीचे तोंड भांड्याच्या काठाच्या वर, तोटीच्या व्यासाच्या दुप्पट आणि निदान एक इंच असावे. मोकळी हवा ओलांडून पाणी मागे जात नाही. जेथे हे शक्य नाही तेथे दुहेरी झडपांची यंत्रे बसवितात. भारी धोक्याच्या जागी दोन झडपांच्या मध्ये निकासाची तिसरी झडप असते, म्हणजे बिघाड झाल्यास पाणी जमिनीवर सांडते, घरात शिरत नाही. झडप म्हटली की झिजणे आले, म्हणून तिची दरवर्षी चाचणी.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेतही पिण्याचे पाणी व इतर पाणी यांच्या वाहिन्या जोडू नयेत असे सांगितले आहे. प्रश्न पाहणाऱ्याचा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे; पण आपल्यातील किती पालक मुलाला तिकडे धाडतात? ‘गटारात हात घालावयाचा काय?’ असे म्हणून मुलगा चार वर्षे नोकरीच्या अर्जांत घालवितो. आम्हांस हे पटत नाही. वैद्य जेवढे रोग बरे करील, तितकेच हा पारखी होऊ देणार नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे आमची सूचना आहे की, यंदाच्या शिष्यवृत्ती निधीतून दोन होतकरू तरुणांना हे शिक्षण द्यावे. आणि लग्नसराईपूर्वी आपल्या मंगल कार्यालयाची व वसतिगृहाची पाहणी करवून घ्यावी. स्वयंपाकघरामागच्या टाकीत नळी सदैव बुडालेली असते, ती आजच काढता येईल. बोअरची जोडणी मात्र माहीतगाराकडूनच तोडून घ्यावी लागेल. खर्चाचा अंदाज आम्ही चिटणिसांच्या हाती दिला आहे.