औषधाचे दुकान थाटण्यापूर्वी

(कारधा, जिल्हा भंडारा येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व सुशिक्षित तरुणांपुढे केलेले भाषण)



वैनगंगेवरील पूल ओलांडला की भंडारा शहर लागते. जिल्हा रुग्णालय तेथे, म्हणून औषधांची मोठी विक्रीही तेथेच. औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतलेल्या येथील तरुणास कारध्यात आपले दुकान असावे असे वाटले, तर त्यात नवल नाही. त्यासाठी वडील शेताचा तुकडा गहाण टाकावयासही तयार होतात. तो तुकडा जाऊ नये, एवढ्यासाठीच आज थोडा हिशेब मांडतो.

आरोग्याच्या व्यवसायात ‘फ्रँचायझी’ हा शब्द आता सर्वतोमुखी झाला आहे. नाव दुसऱ्याचे, भांडवल आपले, असा हा व्यवहार. औषधालय असो, रक्ताचे नमुने गोळा करण्याचे केंद्र असो वा व्यायामशाळा, आपल्या देशात त्यासाठी स्वतंत्र कायदा नाही; १८७२ च्या करार कायद्यावरच सारे चालते. तोंडी दिलेल्या आश्वासनांना मग फारसा आधार उरत नाही. प्रवेशशुल्क एकदाच भरावयाचे असते, म्हणून ते डोळ्यांत भरते. खरा भार रॉयल्टीचा असतो. ती बहुधा नफ्यावर नव्हे, एकूण विक्रीवर आकारली जाते, म्हणजे तोट्याच्या महिन्यातही चुकत नाही. शिवाय या शुल्कांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर असतो.

याच्याशी जनऔषधी केंद्राची तुलना करून पाहू. २००८ साली सुरू झालेली ही केंद्र शासनाची योजना. अर्जाचे शुल्क ५,००० रुपये. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग व माजी सैनिक यांना ते माफ आहे. रॉयल्टी नाही. १२० चौरस फुटांची जागा आणि नोंदणीकृत औषधनिर्माता असावा लागतो. कर वगळून छापील किमतीवर २० टक्के कमिशन मिळते. त्याखेरीज मासिक खरेदीच्या २० टक्के, परंतु महिन्यास २०,००० रुपयांपर्यंत, असे एकूण ५ लाखांपर्यंत प्रोत्साहन अनुदान आहे. शुल्क माफ असलेल्या वर्गांना फर्निचर व संगणकासाठी २ लाखांपर्यंत आणखी साहाय्य आहे. अटी वेळोवेळी बदलतात. अर्जापूर्वी त्या ताज्या पाहून घ्याव्यात.

हे सारे आकर्षक आहे. पण येथेच पेन्सिल हाती घ्यावी. औषध स्वस्त म्हणजे त्यावरील कमिशनही लहान. १२ रुपयांच्या पाकिटावर अडीच रुपयांहूनही कमीच सुटतात. महिन्याकाठी २०,००० रुपये सुटावयाचे, तर विक्री १ लाखाची हवी. त्यातून भाडे, वीज व औषधनिर्मात्याचे वेतन वजा जावयाचे. तरुण स्वतःच औषधनिर्माता असेल तर वेतन वाचते, हे खरे. मात्र त्याचे श्रम फुकट धरू नयेत. तेवढ्या विक्रीस खरेदी सुमारे ८०,००० ची, म्हणून अनुदान १६,००० रुपये. या गतीने ५ लाखांची मर्यादा ३१-३२ महिन्यांत संपते. अनुदानाविना दुकान चालेल काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावयाचा आहे.

दुसरी अडचण कागदाची. डॉक्टरांनी चिठ्ठीवर कंपनीचे नाव लिहिले असेल, तर अनुसूची ‘एच’ मधील औषध दुकानदारास आपल्या मनाने बदलता येत नाही. औषध नियमांत तशी मनाई आहे. डॉक्टरांनी मूळ नावाने, वाचता येईल असे लिहावे, अशी सूचना २०१६ सालच्या दुरुस्तीने आली. २०२३ मध्ये आलेले अधिक कडक नियम काही दिवसांतच स्थगित झाले. म्हणून परिसरातील डॉक्टरांना भेटल्यावाचून जागेचे भाडे ठरवू नये. रक्तदाब व मधुमेहाचे रुग्ण दरमहा तेच औषध घेतात. त्यांची गणती गावातच करता येईल. त्या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल.

ग्रामपंचायतीकडे रिकामा गाळा असेल, तर माफक भाड्यावर देण्याचा विचार व्हावा. २०२३ पासून प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांनाही अशी केंद्रे काढण्याची मुभा मिळाली आहे. एकट्याने कर्ज काढण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो.

आणखी एक. ‘वेलनेस’च्या नावाखाली माणसे जोडून कमिशन देऊ करणारे गावोगाव फिरतात. सभासद होण्यासाठीच पैसे मागणे २०२१ च्या थेट विक्री नियमांनुसार निषिद्ध आहे. असा कोणी आला, तर पावती मागा.

खाजगी करार हाती पडलाच, तर तीन कलमे आधी वाचावीत: मुदत संपलेला माल परत कोण घेणार, दरमहा किमान किती खरेदी सक्तीची, आणि दुकान बंद केल्यास अनामत किती दिवसांत परत मिळणार. यांपैकी एखादी जागा कोरी असेल, तर सही करण्यापूर्वी ती भरून घ्यावी.