भूक आणि स्मरण



भूक ही केवळ पोटाची हाक आहे, हा समज अर्धाच खरा आहे. इ. स. १९९८ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन व त्यांचे सहकारी यांनी स्मृती गमावलेल्या दोन रुग्णांना दुपारचे जेवण दिले. अर्ध्या तासाच्या आतच पुन्हा ताट मांडले, तेव्हा ते दोघे पुन्हा जेवले. बहुधा तिसऱ्यांदाही जेवू लागले. पोट भरलेले होते, जेवल्याची आठवण तेवढी नव्हती!

शरीरातील मेदाच्या साठ्याची वार्ता लेप्टिन नावाचे संप्रेरक मेंदूस पोचविते खरे. परंतु सवय त्या वार्तेवर मात करते. फाटकाबाहेर टांगलेल्या चुरचुरीत पुड्या पाहून जेवून उठलेले मूलही हात पुढे करते, ते यामुळेच.

अन्नाचा प्रकारही येथे कारण होतो. २०१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० प्रौढांपुढे दोन आठवडे कारखानी अन्न व दोन आठवडे साधे अन्न ठेवले होते. वाढलेल्या ताटांत उष्मांक, साखर व मेद सारखेच. तरीही कारखानी अन्न असता रोज सुमारे ५०० उष्मांक अधिक खाल्ले गेले. प्राथमिक वर्गाचे शालेय भोजन ४५० उष्मांकांचे असते, हे ध्यानी घेता हा आकडा लहान नव्हे.

म्हणून बक्षिसादाखल गोळ्या देऊ नयेत, आणि ‘पुरे’ म्हणणाऱ्या बालकास आग्रह करू नये. खिचडी दोनदा मागणाऱ्यास मात्र हावरट म्हणण्यापूर्वी, सकाळी काही खाल्ले होते काय, हे विचारावे. आणि तेही चारचौघांत नव्हे.