मारिओच्या दुनियेत मुलांसोबत



नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली पहिली पाळी सुटली की सिडकोकडे आणि पाथर्डी फाट्याकडे दुचाक्यांची रांग लागते. घरी परतणाऱ्या या आईबाबांमध्ये एक पिढी अशी आहे, जिने लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत टीव्हीला व्हिडिओ गेम जोडून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलेला आहे. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत बसवायची. भावंडांनी नंबर लावायचे. हीच पिढी आज मुलांच्या हातातून मोबाइल काढून घेताना दिसते. काळजीपोटीच घेते, हे खरं. पण स्वतःला जीव लावणारी ती दुनिया मुलांना कधी शेजारी बसवून दाखवली का, हा प्रश्न उरतोच. आजचं बोलणं त्याबद्दल आहे.

व्हिडिओ गेम ही जागा घडवण्याची कला आहे. तिच्यात चित्र असतं, संगीत असतं, गोष्टही असते. पण खेळणाऱ्याशी चकार शब्द न बोलता त्याला चालायला लावणं, बिचकवणं, धीर देणं, हे तिचं खास स्वतःचं कसब. त्याचा अस्सल नमुना शोधायला लांब जावं लागत नाही. १९८५ साली जपानच्या निन्तेन्दो कंपनीने आणलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा अगदी पहिला टप्पा पाहा.

मारिओ पडद्याच्या डाव्या कडेला उभा आहे. उजवीकडे सगळं मोकळं. कुठे जायचं हे कुणी सांगत नाही, तरी पाच वर्षांचं पोर बरोबर उजवीकडेच निघतं. थोडं पुढे गेलं की प्रश्नचिन्हाचा चमकणारा ठोकळा दिसतो आणि समोरून कपाळाला आठ्या घातलेला एक बुटका प्राणी चालत येतो. उडी मारली नाही तर मारिओ तिथेच मरतो, पण पुन्हा सुरुवात करायला काही क्षणच लागतात. मग पोर उडी मारतं, पुढच्या एका ठोकळ्याला खालून डोकं लागतं आणि त्यातून मशरूम बाहेर येतो. मशरूमचा आकार त्या बुटक्या शत्रूसारखाच, म्हणून मुलं दचकून मागे सरतात. मशरूम घरंगळत पुढे जातो, खाली पडतो, हिरव्या पाइपवर आपटतो आणि वळून थेट मारिओकडेच येतो. चुकवायला जावं तरी बहुतेकदा अंगावर येतोच, आणि मारिओ एकदम मोठा होतो! भीती वाटलेली वस्तू लाभाची निघाली. खेळाचे कर्ते शिगेरू मियामोतो यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं, की मशरूम सहजी टाळता येऊ नये अशीच ती जागा रचलेली आहे. ज्यांनी हा टप्पा लहानपणी शेकडो वेळा पार केला, त्यांच्यातल्या फार थोड्यांनी ही रचना कधी न्याहाळली असेल. पहिल्यांदा खेळणारं मूल शेजारी असलं, की ती आपोआप डोळ्यांत भरते.

मुलांना दाखवण्यासारखी आणखी एक गंमत याच टप्प्यात आहे. वरचे ढग आणि खालची झुडपं नीट पाहायला सांगा. दोन्हींचं चित्र एकच आहे; ढग पांढरा, झुडूप हिरवं, एवढाच फरक. अख्खा खेळ सुमारे ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता. आज मोबाइलवर येणारा साधा फोटोही याच्या कितीतरी पट मोठा असतो. तेव्हा कर्त्यांनी एकाच चित्रातून आभाळही काढलं आणि जमीनही सजवली. हे एकदा कळलं की मुलं पडद्यावर अशी जोडगोळी शोधतच सुटतात, आणि पाहणं म्हणजे काय याचा पहिला धडा हसतखेळत होतो.

कानांनाही काम द्यावं. कोजी कोंडो यांची ती ठेक्यातली धून बहुतेकांना तोंडपाठ असते. मारिओ भुयारात उतरतो तेव्हा ती तुटते आणि खर्जातले मोजके स्वर सुरू होतात, मध्ये बराच वेळ शांतता. डोळे मिटून बसलेलं मूलसुद्धा ओळखतं, की मारिओ आता जमिनीखाली आहे.

मोठ्या माणसांची खरी परीक्षा कंट्रोलर हातात नसताना होते. पोर खड्ड्यात पडतं, पुन्हा पडतं, आणि बाबांचा हात शिवशिवतो: दे इकडे, मी दाखवतो. तो हात आवरावा. लहान मुलाला टप्पा जिंकायची घाई नसते. त्याला एकाच पाइपमध्ये चार वेळा शिरून नाणी वेचायची असतात, ठोकळ्यावर उभं राहून नुसत्या उड्या मारायच्या असतात. ज्याने ती जागा रचली, त्यालाही असाच रमणारा पाहुणा हवा असणार.

अडचण एकच: जुन्या मारिओत घड्याळ धावत असतं आणि पडदा पुढे सरकला की मागची वाट बंद होते. अगदी लहानांसाठी म्हणूनच २०१७ साली आलेला ‘सुपर मारिओ ओडिसी’ जास्त सोयीचा. त्यात दोघांना मिळून खेळता येतं. एकाच्या हाती मारिओ, दुसऱ्याच्या हाती त्याची टोपी. टोपी उडते, नाणी गोळा करते, शत्रूला हाणते, आणि मारिओसारखी खड्ड्यात पडून मरत नाही. टोपी पोराकडे द्यावी. लुटुपुटूचा कंट्रोलर देऊन मुलाला फसवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण त्याचा खेळ खरा असतो.

वेळेचं भान मात्र हवं. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मार्गदर्शक सूचना दिल्या. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला तासाभराच्या आत, आणि जितका कमी तितका बरा. दोन वर्षांच्या आत तो नकोच.

पडदा बंद केला तरी ही दुनिया संपत नाही. मियामोतो वाढले ते क्योतोजवळच्या सोनोबे गावात. लहानपणी डोंगरात भटकताना त्यांना एक गुहा सापडली आणि पुढे ते कंदील घेऊन तिच्यात शिरले. त्या भटकंतीचा अनुभव त्यांनी १९८६ सालच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’मध्ये ओतला. त्या खेळाच्या पहिल्याच चित्रात गुहेचं काळं तोंड दिसतं. अंबडच्या मुलांना गुहेचं अप्रूप वेगळं सांगायला नको. मुंबई-आग्रा महामार्गालगत पांडवलेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरत आणलेली २४ लेणी. तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी बाजूला सहा धिप्पाड यक्ष अख्खा ओसरा खांद्यावर पेलून बसले आहेत. झेल्डा खेळलेल्या मुलाला तिथे नेलं, तर उंबऱ्यावर त्याचं पाऊल अडखळेल आणि आत काय असेल हे ते आधी विचारेल. डोळ्यांना अंधाराची सवय होईतो त्याला थांबू द्यावं. ते लेणं कोरणाऱ्यांनीही उजेडातून अंधारात नेणारी जागाच घडवली होती.

डोंगरावरून उतरलं की पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक लागतं. फाळके त्र्यंबकेश्वरचे. नवं कलामाध्यम घरात आणून मुलाबाळांना त्यात सामील करून घेणारा बाप पाहायचा तर हाच. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली. १९१३ च्या ‘हरिश्चंद्रा’त रोहिदास झाला त्यांचा मुलगा भालचंद्र. १९१९ च्या ‘कालिया मर्दना’त कृष्ण झाली त्यांची लेक मंदाकिनी. या चित्रपटाची सुरुवात विलक्षण आहे. आधी पडद्यावर ती चिमुरडी मंदाकिनी म्हणूनच येते, राग, हसू, भीती असे भाव चेहऱ्यावर दाखवते, आणि मग तिचीच कृष्णाची मूर्ती होते. प्रेक्षकाला आधी कारागिरी दाखवली, तरी जादू रतीभरही उणावली नाही. ढग-झुडपाची गंमत सांगितल्याने मुलांचा रस जाईल, अशी शंका कुणाला आली असेल, तर फाळक्यांनी तिचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं आहे.

मुलं जरा मोठी झाली, दहा-बाराची, की त्यांच्यासोबत पाहावा असा खेळ पुण्यातच घडला आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या चमूने २०२० साली ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ आणला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या उत्तम खेळांच्या यादीत त्याचं नाव लागलं. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधत राजी नावाची मुलगी निघते. तिची कथा दुर्गा आणि विष्णू सांगतात. महाल राजस्थानी घाटाचे, भिंतींवर चित्रं, आणि कथेतले काही प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांसारखे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी अशाच चामडी बाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यानपिढ्या जपली आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पिंगुळीचा खेळ एकदा पाहिलेल्या मुलाला राजीतल्या सावल्या परक्या वाटणार नाहीत. लढाया अवघड आहेत, त्या आईने किंवा बाबांनी खेळाव्यात. भिंतीवरचं चित्र आलं की मात्र कंट्रोलर मुलाकडे द्यावा, कारण तिथे थांबलं की देव त्या चित्राची गोष्ट सांगू लागतात. या खेळाची कथा ऐन रंगात आलेली असताना मध्येच तुटते. काही मोठ्या खेळाडूंना ते रुचलं नाही. मुलासोबत खेळणाऱ्यांसाठी ती जागा सोन्यासारखी आहे: पुढे काय झालं, ते मुलाला विचारायचं आणि मध्ये न बोलता ऐकायचं.