शब्द पारखून वापरा



१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांच्या नियोजित भाषणातील काही मजकुरावर हरकत घेतली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. भाषण झाले नाही. ते त्यांनी स्वखर्चाने छापले. त्याच्या शीर्षकात 'रिफॉर्म' नाही, 'अ‍ॅनिहिलेशन' आहे. रिफॉर्म म्हणजे सुधारणा, अ‍ॅनिहिलेशन म्हणजे समूळ उच्छेद. जात सुधारायची नाही, संपवायची आहे, हे त्या एका शब्दाने सांगितले.

तेव्हा दोन इंग्रजी शब्द जवळचे वाटले, म्हणून एकाच्या जागी दुसरा चालतोच असे नाही. बँकेत काम करणारे आम्ही लोक हे रोज पाहतो. मराठीत 'उसने' हा शब्द एकच. घेतले की दिले ते पुढचे क्रियापद सांगते. इंग्रजीत मात्र 'बॉरो' म्हणजे उसने घेणे आणि 'लेंड' म्हणजे उसने देणे. बँक लेंड करते, कर्जदार बॉरो करतो.

दुसरी जोडी 'नॉमिनी' आणि 'एअर'. बँकेतील ठेवीची रक्कम खातेदाराच्या मृत्यूनंतर नॉमिनीच्या हाती दिली जाते. पण मालकी एअरची, म्हणजे वारसाची असते. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपणा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल, तर खातेदाराची विधवा, मुले-मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. नॉमिनी म्हणून दिराचे नाव आहे, एवढ्यावरून आमच्या भगिनींनी हक्क सोडू नये.

तिसरी जोडी नोकरदारांसाठी. 'रिमूव्हल' आणि 'डिसमिसल' दोन्हींत नोकरी जाते. परंतु केंद्र सरकारच्या १९६५ च्या सेवा नियमांनुसार रिमूव्हलमुळे पुढील सरकारी नोकरीस अपात्रता येत नाही. डिसमिसलमुळे सामान्यतः येते. आदेशातला शब्द वाचल्याशिवाय अपिलाला हात घालू नये.

विद्यार्थी मित्रहो, शब्दकोशात केवळ मराठी अर्थ पाहून थांबू नका. खालचे उदाहरणाचे वाक्य वाचा, तसेच एक वाक्य स्वतः लिहा. कोण देतो, कोण घेतो, परिणाम कोणावर होतो, हे स्वतःला विचारा. सही करण्यापूर्वी न कळलेल्या शब्दाचा अर्थ विचारण्यात कमीपणा नाही. शिकलेल्या माणसाने घरच्यांचे व वस्तीतल्यांचे कागद वाचून द्यावेत. शिक्षणाचे ऋण फेडण्याचा हाही एक मार्ग आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!