बाथरूमची फरशी: पकड आणि सफाई

टाइलच्या दुकानात ‘अँटी-स्किड’ हा शब्द सर्रास ऐकू येतो, पण पकड नेमकी किती, हे त्यातून कळत नाही. माहितीपत्रकावर कधी आर ९ ते आर १३ असा आकडा असतो. तो जर्मन चाचणीचा. तिरक्या उतारावर तेल पसरून, बूट घातलेल्या माणसाला चालवतात आणि पाय कोणत्या कोनाला घसरतो ते मोजतात. आपण आंघोळ काही बूट घालून करत नाही! अनवाणी पायांसाठी साबणाच्या पाण्यावर होणारी चाचणी वेगळी. तिच्या श्रेणी ए, बी आणि सी. ‘बी’ची फरशी निदान १८ अंशांच्या उतारापर्यंत पाय धरून ठेवते. विचारायची ती ही श्रेणी.

खरखरीत फरशीत मळ बसतो, मग घासणार कोण, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. खोल नक्षीच्या खाचांत साबणाचा थर आणि बोअरच्या पाण्याचे क्षार अडकतात, आणि पुढे तो थरच निसरडा होतो. म्हणून नक्षी टाळून बारीक दाण्याची मॅट टाइल घ्यावी. ती साध्या ब्रशने स्वच्छ होते. लहान टाइलांना सांधे जास्त, म्हणून पकड चांगली. पण सिमेंटचा सांधा पाणी शोषून काळा पडतो. तिथे इपॉक्सी ग्राउट महाग असला तरी परवडतो. शहाबादी फरशी जुनी आणि भरवशाची, मात्र दगड चुनखडीचा, त्यामुळे अ‍ॅसिडने तिचा पृष्ठभाग खाल्ला जातो. टाइल ठरली, की जाळीकडचा उतार गवंड्याकडून बादलीभर पाणी ओतून तपासून घ्यावा.