कोमालाचीं भुतें

भुताटकीची कादंबरी वाचतांना भूत केव्हां दिसेल, याची आपण वाट पाहतों. मेक्सिकोचे लेखक हुआन रुल्फो यांच्या १९५५ सालच्या ‘पेद्रो पारामो’मध्यें ती सोय नाहीं. बापाच्या शोधांत हुआन प्रेसियादो रखरखीत, ओसाड कोमालांत येतो; वाट दाखविणारा, आसरा देणारी, दोघेंहि केव्हांच मेलेलीं निघतात. कादंबरी निम्मी होते न होते तोंच तोहि मरतो आणि थडग्यांतून बोलूं लागतो! पण गांव ओस पडलें कशानें? मला विचाराल तर खरें भय येथें आहे. जमीनदार पेद्रो जिच्यासाठीं जन्मभर झुरला, ती सुसाना वारली. मृत्यूच्या घंटा ऐकून परगांवचे लोक लोटले, शोकाची जत्रा झाली. पेद्रोनें हाताची घडी घातली, शेतें पडीक टाकलीं आणि कोमालाला उपाशीं मरूं दिलें.