पतंगस्वार : पाण्यावरून बर्फावर

पतंगाच्या ओढीने पाण्यावरून धावणे आणि त्याच ओढीने बर्फावरून धावणे हे दोन खेळ सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. पतंगाची जात तीच, वीस-पंचवीस मीटर लांबीच्या दोऱ्या त्याच, कमरेचा पट्टा तोच आणि हातातली दांडीही तीच. त्यामुळे समुद्रावर चार-सहा वर्षे काइटबोर्डिंग केलेल्या माणसाला हिमभूमीवर नव्याने शिकण्याजोगे फारसे काही उरत नसावे, असा समज सहज होतो. हा समज तपासून पाहणे हाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे. अगदी नवखा मनुष्य पतंगाला भितो. म्हणून तो लहान पतंग घेतो आणि बेताबेताने पुढे जातो. पाण्यावरचा तरबेज स्वार भीत नाही, आणि त्याला इजा होण्याचा संभव आहे तो नेमका याच कारणाने.

पतंगाला कामाला जुंपण्याची कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले होते. १८८८ मध्ये फ्रित्यॉफ नान्सेन आपल्या सहकाऱ्यांसह ग्रीनलंड ओलांडीत असताना पश्चिमेकडील उतारावर त्यांनी घसरगाड्या एकत्र बांधून त्यांवर शीड उभारले. समुद्रावर पतंगस्वारी रुजावयास मात्र बराच काळ जावा लागला. कारण पाण्यात पडलेला पतंग भिजून निकामी होई. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील ब्रुनो व दोमिनिक लेगेन्यू या बंधूंनी १९८४ मध्ये हवेने फुगविलेल्या नळ्यांच्या पतंगाचे पेटंट घेतले. त्याचे मर्म इतकेच, की हा पतंग बुडत नाही आणि पाण्यावरून पुन्हा आकाशात चढविता येतो. बर्फावर ही अडचणच नसते. म्हणून तेथे नळ्या नसलेला, पुढच्या तोंडाने वारा पोटात भरून घेऊन आकार धरणारा, पॅराशूटसारखा पतंग अनेकांना अधिक सोयीचा वाटतो. त्याला पंप लागत नाही, तो पाठपिशवीत मावतो आणि गार हवेत नळ्यांतील दाब उतरण्याचा त्रासही त्यास नाही. ज्याच्याकडे समुद्रावरचा पतंग आहे त्याने तो घेऊन जाण्यास हरकत नाही; परंतु कोणता, हा प्रश्न राहतोच.

मुख्य भेद पतंगात नसून पायाखाली आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असते. पाण्यावरचा स्वार फळीची कड पाण्यात रुतवितो आणि पतंगाची ओढ अडवून धरतो. त्याचा खरा लगाम दांडीत नसून फळीत असतो. काहीच साधेना, तर तो पाण्यात बसकण मारतो आणि त्याचे शरीरच नांगर बनते. हे इतक्या वेळा घडते, की मन त्याची नोंद घेणे सोडून देते. आपण थांबलो ते पाण्याने थांबविले म्हणून, याचा स्वाराला विसर पडतो आणि ते सारे श्रेय तो आपल्या कौशल्याच्या खात्यावर जमा करतो.

घट्ट, सपाट बर्फावर ऐंशी किलो वजनाच्या माणसाला स्कीवरून सरकत ठेवण्यास चार-पाच किलोंइतकी ओढ पुरते. त्याहून जेवढी अधिक ओढ असेल तेवढी सगळी वेग वाढविण्यात जाते. वेग वाढला की पतंगावर येणारा वाराही वाढतो, त्यामुळे ओढ वाढते आणि पुन्हा वेग वाढतो. बर्फावर बसकण मारणारा थांबत नाही. तो बसल्या बसल्या घसरत जातो. वाटेत खडक किंवा कुंपणाचा खांब असेल, तर पुढचे सांगावयास नको.

म्हणूनच पहिला नियम पतंगाच्या आकाराचा. ज्या वाऱ्यात समुद्रावर बारा चौरस मीटरचा पतंग घेतला जातो, त्याच वाऱ्यात बर्फावर आठ-नऊ मीटरचा पुरतो; पहिल्या दिवशी त्याहूनही लहान बरा. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० किलोमीटरचा वारा ३० झाला, तर ओढ दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते. गार हवा जड असते म्हणून पतंग अधिक ओढतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते समुद्रसपाटीवर खरे आहे. तथापि, सुमारे हजार मीटर उंचीवर उणे दहा अंशांची हवा ही समुद्रकाठच्या पंचवीस अंशांच्या हवेइतकीच दाट असते. थंडीने दिलेले उंची काढून घेते. फ्रान्समधील लोतारे खिंडीसारख्या दोन हजार मीटरांवरील जागी तर हवा त्याहून विरळच असते. लहान पतंगाचे कारण हवेत नसून घर्षणात आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

दुसरी गोष्ट प्रारंभाची. पाण्यात अर्धवट बुडालेल्या स्वाराला वर उठण्यासाठी पतंग डोक्यावरून जोराने खाली झेपवावा लागतो. त्याशिवाय फळी पाण्यावर येतच नाही. ही झेप हातांत इतकी मुरलेली असते, की ती विचाराची वाट पाहत नाही. बर्फावर स्वार आधीच उभा असतो. तेथे पतंग किंचित कलविला तरी चालते. झेप घेऊ दिली तर माणूस पायांवरून उचलला जाऊन तोंडघशी पडतो. पहिल्या तासात आपटावयाचे, तर ते बहुधा या सवयीमुळेच. शिकविणारे म्हणूनच आरंभी पायांत काहीही न बांधता, नुसते उभे राहून पतंग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवावयास लावतात. तरबेज स्वाराला हा पाठ पोरकट वाटतो. तो अर्धा तास त्याने निमूटपणे केला पाहिजे.

विश्रांतीच्या वेळी पतंग डोक्यावर स्थिर ठेवून गप्पा मारण्याची सवयही किनाऱ्यावर सोडून यावी. डोंगराळ प्रदेशात वारा एकसारखा वाहत नाही; एखादा झोत आला, की डोक्यावरचा पतंग माणसाला सरळ वर उचलतो. उतारावर वारा वर चढत असेल तर हे आणखी सहज घडते, आणि खाली येताना स्वागताला पाणी नसते. टेकडीच्या आडोशाला वारा शांत असेल असे वाटते. प्रत्यक्षात तेथेच तो भोवऱ्यासारखा फिरतो. थांबावयाचे असेल तर पतंग खाली उतरवावा आणि त्याच्या मागच्या कडेवर बर्फाचा ढीग लोटावा.

पतंगाची ओढ तत्काळ तोडणारी सुटकेची कळ प्रत्येक स्वाराला ठाऊक असते. पण तिच्या खाचेत बर्फ साचून ती गोठू शकते, हे समुद्रावर कधी अनुभवास आलेले नसते. दर उड्डाणापूर्वी ती मोकळी चालते की नाही हे पाहावे, आणि जाड हातमोजे घालून ती ओढण्याचा सराव आधीच करावा. पाण्यावर बरेच स्वार ही कळ शेवटचा उपाय मानतात. बर्फावर ती आधी ओढावी.

स्की घ्यावी की स्नोबोर्ड, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. फळीवर आडवे उभे राहण्याची सवय असलेल्याला स्नोबोर्ड जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यावर दोन्ही पाय एकत्र जखडलेले असतात आणि पडले असता पाण्यावरच्या फळीप्रमाणे तो पायांतून निसटत नाही. स्कीवर पाय वेगवेगळे राहतात, पावले टाकता येतात, पतंग चढविताना उभे राहता येते आणि जोराचा हिसका बसल्यास बंधने सुटतात. ज्याला दोन्ही येतात त्याने पहिले दोन दिवस स्कीवर काढणे शहाणपणाचे.

हे शिकण्यासाठी युरोपात ज्या जागा प्रसिद्ध आहेत त्यांत नॉर्वेतील हार्डांगरविद्दा पठारावरील हाउगास्तोल हे गाव मोडते. ते ९८८ मीटर उंचीवर आहे. भोवती वृक्षहीन माळ आणि गोठलेली तळी पसरलेली आहेत. वाऱ्याला अडविणारे काही नाही. पण तेथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. गावाशेजारून ऑस्लो-बर्गन लोहमार्ग जातो आणि त्यावर विजेच्या तारा आहेत. तीस मीटरांवर उडणाऱ्या पतंगाला त्या दिसत नाहीत. त्या भागातील काही तळी जलविद्युतीसाठी बांधलेले जलाशय आहेत. हिवाळ्यात पाणी सोडले जाते तसा वरचा बर्फ खाली बसतो आणि काठाशी भेगा पडतात. म्हणून तळ्यावर कोठून उतरावे हे स्थानिक माणसाला विचारल्यावाचून ठरवू नये. पठाराच्या मोठ्या भागावर १९८१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील रानटी रेनडियरांच्या कळपांना उपद्रव होऊ नये म्हणून उद्यानात पतंगांवर निर्बंध आहेत. ते आधी समजून घ्यावेत.

या पठाराचा स्वभाव गरीब नाही. दक्षिण ध्रुवावर प्रथम पोहोचणारे रोआल आमुन्सेन १८९६ च्या जानेवारीत आपल्या भावासह हेच पठार ओलांडावयास निघाले आणि वादळात सापडून मरता मरता वाचले. पतंगस्वाराची गोष्ट तर आणखी अवघड. पायी चालणारा दिवसभरात जेवढे अंतर काटील तेवढे तो तासाभरात काटतो, आणि वारा पडला की तेवढेच पायी परतावे लागते. उणे दहा अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे वीस अंशांसारखे भासते. समुद्रावर वारा पडला तर पोहत किनारा गाठता येतो, किंवा कोणीतरी होडी घेऊन येते. येथे पाठपिशवीत कोरडे कपडे, खाणे, नकाशा, होकायंत्र आणि फावडे असेल तेवढाच आधार. उतारांवर जावयाचे असल्यास हिमस्खलनात गाडल्या गेलेल्याचा ठाव देणारे यंत्र आणि त्याचा सराव केलेला सोबती हवा. ढगाळ दिवशी जमीन आणि आकाश एकाच रंगाचे होते आणि समोरचा चढ-उतार कळेनासा होतो; अशा वेळी पतंग गुंडाळून ठेवणे हेच इष्ट.

पहिला दिवस असा असावा : सकाळी बर्फ टणक असतो तेव्हा थांबावे आणि तो थोडा मऊ झाल्यावर निघावे. वाऱ्याच्या दिशेने काही शे मीटर मोकळा असलेला सपाट प्रदेश निवडावा. कडेने आडवे जावे, वळावे, आल्या वाटेने परत यावे. समुद्रावर वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला चढणे शिकण्यास महिना लागला असेल, ते येथे तासाभरात जमते. कारण धातूची धार बर्फाला घट्ट चिकटून धरते. हा आनंद मोठा आहे, आणि उडी मारण्याचा मोह त्याच्या पाठोपाठ येतो. तो दुसऱ्या आठवड्यापर्यंत लांबवावा. संध्याकाळी पतंग झटकून, गरम खोलीत पसरून पूर्ण वाळवावा. पोटात राहिलेला बर्फ रात्री वितळतो आणि सकाळी बाहेर नेताच कापडाचे पदर एकमेकांना गोठवून टाकतो.